पात्र भरते कसे? (प्रस्तावना)

मराठीत 'पात्र' हा एकच शब्द चार ठिकाणी राबतो. स्वयंपाकघरात इडलीपात्र असते, नदीला पात्र असते, नाटका-कादंबरीत पात्रे असतात, आणि एखाद्या जागेसाठी उमेदवार पात्र ठरतो किंवा अपात्र. मी निघोज्यात राहतो, त्यामुळे हे चारही अर्थ रोज माझ्या वाटेत येतात. फर्स्ट शिफ्टची बस गाठायची म्हणून मेसवाल्या मावशींच्या ओट्यावर भल्या पहाटे इडलीपात्र वाफ सोडू लागते. गावाच्या कडेने इंद्रायणीचे पात्र आहे. वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. चाकण औद्योगिक वसाहतीतल्या भरतीसाठी पात्र उमेदवारांच्या याद्या निघतात आणि लातूर, नांदेड, बुलढाण्याहून आलेली मुले मोबाइलवर आपले नाव शोधत बसतात. त्याच मुलांच्या भाड्याच्या खोलीत कधी उशाशी एखादी कादंबरी सापडते. तिच्यातली माणसे कधी जन्मली नाहीत, तरी पिढ्यान्‌पिढ्या जगत आली आहेत.

हे पुस्तक या शेवटच्या पात्रांविषयी आहे. त्यांच्यापर्यंत पोचायला मी उरलेले तीन अर्थ वाटाड्यासारखे बरोबर घेतले आहेत. पात्र जिवंत होते म्हणजे काय होते, याचे माझे उत्तर याच शब्दात दडलेले आहे. लेखक पात्र घडवतो आणि त्यात जागा मोकळी ठेवतो. ती जागा वाचक आपल्या आयुष्याने भरतो. भांडे शिगोशिग भरून पुढे केले तर त्यात आपले काही ओतता येत नाही, आणि बूड नसलेल्या भांड्यात काही ठरत नाही. पात्रचित्रणाचे सारे कसब या दोहोंच्या मध्ये आहे. या विषयाच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना मला आधी एवढेच सांगायचे आहे.

आपल्या परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी हाती घेतला. भरताच्या नाट्यशास्त्रापासून सुरू झालेल्या चर्चेत भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली. रंगमंचावरचा शोक पाहताना तो 'माझा' की 'परक्याचा' हा हिशेब गळून पडतो, म्हणून तो आस्वादता येतो. अभिनवगुप्ताने त्याच्या पुढचे पाऊल टाकले. प्रेक्षकाच्या मनात भावनांचे संस्कार वासनारूपाने आधीच वसत असतात आणि नाट्य त्यांना जागे करते, असे त्याचे प्रतिपादन आहे. म्हणजे पाणी बाहेरून आणावे लागत नाही; ते सहृदयाच्या आतच असते, पात्र त्याला वाहायला जागा देते. मराठीत हाच धागा न. चिं. केळकरांनी १९२१च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात उचलला. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, तरीही आपण आपणच आहोत हे भान त्याला सुटत नाही. या दुहेरी अवस्थेला त्यांनी 'सविकल्प समाधी' म्हटले. शंभर वर्षे झाली, तरी वाचनाच्या अनुभवाचे इतके नेमके नाव मला दुसरे सापडलेले नाही.

अलीकडे मानसशास्त्रज्ञांनी हा अनुभव मोजायचा प्रयत्न केला आहे. मार्जरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास कथालेखकांच्या मुलाखती घेतल्या. आपली पात्रे आपल्या हातात राहत नाहीत, स्वतःच्या मनाने वागू-बोलू लागतात, असा अनुभव त्यांपैकी ९२ टक्के लेखकांनी कमी-अधिक प्रमाणात सांगितला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्याला 'स्वतंत्र कर्तेपणाचा आभास' म्हटले आहे. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी दीड हजारांहून अधिक वाचकांना विचारले, तेव्हा सुमारे १९ टक्के वाचकांनी सांगितले की पुस्तक मिटल्यावरही पात्राचा आवाज आपल्या विचारांत रेंगाळतो, कधी आपल्या दिवसाला त्या पात्राचा रंग चढतो. या आकड्यांचे मोल मला एवढ्यासाठी वाटते की ज्याला आपण एकट्याचे वेड समजत होतो, तो पुष्कळांचा अनुभव निघाला. मात्र आकडा 'किती जणांना' हे सांगतो. 'कसे' हे कळायला पुस्तकांकडेच जावे लागते.

मराठी लेखकांच्या कार्यशाळेत डोकावले तर पात्राच्या जन्माच्या वाटा वेगवेगळ्या दिसतात. पहिली वाट पाहिलेल्या माणसाकडून जाते. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' १९४९ साली आली, तेव्हा झेल्या आणि रामा मैलकुली ही माणसे मराठी वाचकाला इतक्या जवळून पहिल्यांदा भेटली. माडगूळकरांची रेघ काटकसरी. 'व्यक्तिरेखा' या शब्दातली रेखा तिथे अक्षरशः दिसते. चार फटकाऱ्यांत माणूस उभा राहतो आणि उरलेला कागद कोरा राहतो. १९५५च्या 'बनगरवाडी'त कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. कारभारी आणि आनंदा रामोशी यांच्याविषयी आपल्याला तो मास्तर जेवढे पाहतो तेवढेच कळते. बाकीचे आपण आपल्या गावातल्या माणसांवरून भरून घेतो. मी बनगरवाडी पाहिलेली नाही, पण तिथला कारभारी माझ्या मनात निघोज्याच्या एका वृद्ध शेतकऱ्यासारखा चालतो, आणि असे झाल्याने माडगूळकरांचे काहीच बिघडत नाही.

पु. ल. देशपांड्यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'मध्ये (१९६२) हीच वाट वेगळ्या वळणाने जाते. सखाराम गटणे म्हटले की पुस्तकी, धुतल्या-इस्त्री केलेल्या मराठीत बोलणारा मुलगा समोर येतो. अंतू बर्वा म्हटले की रत्नागिरीचा तिरकस सूर कानात वाजतो. पु. ल. त्यांना आधी आवाज देतात. पात्र बोलायला लागले की वाचकाला त्याच्या पुढच्या वाक्याचा अंदाज बांधता येतो. आणि ज्याच्या पुढच्या वाक्याचा अंदाज बांधता येतो तो माणूस आपल्याला ओळखीचा वाटतो. म्हणूनच याच पुस्तकातल्या नारायणाची आठवण ठेवून 'आमच्या ऑफिसात एक नारायण आहे' असे कुणी म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. व्यक्तीचे नाव तिथे स्वभावाचे नाव झालेले असते.

दुसरी वाट कानावर पडलेल्या बोलण्यातून जाते. विलेपार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेल्या हौशी नाट्यमंडळींचे बोलणे विजय तेंडुलकरांच्या कानावर पडले आणि त्यातून 'शांतता! कोर्ट चालू आहे' उगवले. या नाटकातल्या लीला बेणारेकडे अभ्यासकाने पुन्हा पुन्हा जावे असे मला वाटते. खेळ म्हणून सुरू झालेला खटला तिच्यावर उलटतो. सगळे तिच्याविषयी बोलत राहतात, आणि शेवटी ती बोलते तेव्हा बाकीची पात्रे जागच्या जागी गोठलेली असतात. तिचे बोलणे रंगमंचावरच्या कुणाच्याच कानात शिरत नाही. ते फक्त प्रेक्षकाला ऐकू जाते. त्या क्षणी प्रेक्षक हा तिचा एकमेव विश्वासू होतो, आणि विश्वासाने सांगितलेले गुपित ज्याच्याकडे असते त्याला त्या माणसाला विसरता येत नाही. पात्र जिवंत करण्याची ही फार मोठी युक्ती आहे. पात्राला कथेतल्या माणसांत एकटे पाडायचे आणि वाचकाच्या हवाली करायचे.

तिसरी वाट परतीची आहे. काही पात्रे पुस्तक संपले तरी लेखकाला सोडत नाहीत. श्री. ना. पेंडशांची 'गारंबीचा बापू' १९५२ची. त्यानंतर सुमारे चार दशकांनी त्यांनी 'गारंबीची राधा' लिहिली. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगभूमीवर आले. धरणगावकर देशपांड्यांचे ते घर लेखकाच्या मनात चालूच राहिले आणि पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' होऊन आले. लेखकाने ओढलेली रेघ पात्राने पुढे नेली तर काय होते, हे पाहायला या दोन उदाहरणांइतकी चांगली जागा नाही.

या सगळ्या वाटांवर भाषा हेच खरे बूड आहे. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली (१९६०) कौतिक वऱ्हाडीतून सोसते, वऱ्हाडीतून झगडते. तिचे बोलणे प्रमाण मराठीत उतरवून पाहा. प्रसंग तेच राहतील, पण कौतिक निघून जाईल. भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला येतो. त्याच्या वाक्यांची चाल हाच त्याचा स्वभाव आहे. तो दिसतो कसा हे कादंबरी मिटल्यावर वाचकाला नीट सांगता येत नाही, पण तो कसा बोलेल हे सांगता येते. ई. एम. फॉर्स्टरने १९२७ साली पात्रांचे सपाट आणि गोलाईदार असे दोन प्रकार सांगितले. ही विभागणी उपयोगी आहे, पण पात्राचा आवाज तिच्यात धरता येत नाही. मराठीतल्या पात्रांचा अभ्यास करणाऱ्याने डोळ्यांइतकेच कानाने वाचले पाहिजे.

कानाची ही परंपरा आपल्याकडे छापील पुस्तकांहून जुनी आहे. संत एकनाथांनी भारुडांत जोशी, गोंधळी, आंधळा, मुका अशी सोंगे घेतली आणि प्रत्येकाच्या तोंडून वेगळी बोली बोलवली. आळंदीला ज्ञानेश्वरांच्या समाधीचा जीर्णोद्धार करणारे आणि ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणारे हेच एकनाथ. एकीकडे दुसऱ्याच्या ग्रंथातला शब्दन्‌शब्द पारखणारे, दुसरीकडे दुसऱ्याच्या आवाजात स्वतःला विरघळवणारे. मला ही दोन कामे एकच वाटतात. दुसऱ्याचे बोलणे नीट ऐकल्याशिवाय यांपैकी एकही जमत नाही.

ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहायचे तर जात्यापाशी बसावे लागेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याजवळच्या मावळ-मुळशीच्या गावांपासून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. त्या ओव्यांत सीता येते ती दळणाऱ्या बाईची समदुःखी म्हणून. तिचा वनवास, तिच्यावरचा अन्याय, तिला न भेटलेले माहेर यांच्याशी गाणारी स्वतःचे सुखदुःख ताडून पाहते. ग्रंथात जे मोकळे राहिले ते त्या बायकांनी आपल्या अनुभवाने भरले. साधारणीकरण हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. ती क्रिया मात्र त्या रोज पहाटे करत होत्या. वाचक म्हणजे काय याचा शोध घेताना मी आधी त्यांना वाचक मानतो.

छापील पुस्तकांच्या काळातही असेच घडत राहिले. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा विभावरी शिरूरकर हे नाव कुणाचे, याचा शोध वाचक घेऊ लागले. कथांतल्या शिकलेल्या, एकट्या, घुसमटलेल्या मुली इतक्या खऱ्या वाटल्या की त्या कुणी कल्पिल्या असतील यावर लोकांचा विश्वास बसेना. मालतीबाई बेडेकरांना टोपणनावाआड का राहावे लागले, याचे उत्तर त्या खळबळीतच आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या 'श्यामची आई'मध्ये आई खरी आहे, आठवणीही खऱ्या आहेत. पण बेचाळीस रात्रींच्या त्या कथनातून ती महाराष्ट्राची आई झाली ती वाचकांमुळे. चिं. वि. जोश्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पुस्तकांतून चित्रपटांत गेले आणि दूरदर्शनवर आले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने ती दोघे घराघरांत पोचली आणि बाळ कर्व्यांना प्रेक्षक गुंड्याभाऊ म्हणून ओळखू लागले. आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे? हडपसरच्या पलीकडच्या फुरसुंगीचा हा सडपातळ मुलगा सायकल घेऊन निघाला की पुणे परिसरातल्या पोरांना फुरसुंगी हे नकाशावरचे गाव राहत नसे. पात्र आपल्याबरोबर गावालाही जिवंत करते. ही गोष्ट निघोज्यात बसून लिहिताना मला विशेष जाणवते.

इथे एक गंभीर आक्षेप नोंदवायला हवा. १९३३ सालीच इंग्रज समीक्षक एल. सी. नाइट्स यांनी 'लेडी मॅकबेथला मुले किती?' असे शीर्षक देऊन निबंध लिहिला. पात्रांना हाडामांसाची माणसे समजून नाटकाबाहेर त्यांच्या संसाराची चौकशी करणे म्हणजे नाटकाचे शब्द सोडून देणे, असा त्यांचा इशारा होता. तो इशारा मी मानतो. अप्पा बेलवलकर १९७०च्या 'नटसम्राट'मधल्या शब्दांत आहेत. त्या शब्दांबाहेर त्यांचे बालपण शोधत बसलो तर आपण कुसुमाग्रजांचे नाटक सोडून आपलेच काही रचू लागतो. पण श्रीराम लागूंपासून ज्या ज्या नटाने अप्पा केले, त्याला शब्दांमधली मोकळी जागा आपल्या श्वासाने भरावीच लागली. प्रेक्षकांत बसलेल्या म्हाताऱ्यानेही तेच केले. नदीचे पात्र म्हणजे पाणी नव्हे, हे खरे. पण कोरड्या पात्राला आपण नदी म्हणत नाही. या पुस्तकात मी मजकुराचे काठ सोडलेले नाहीत, आणि त्यांच्यामधून वाहणाऱ्या माणसांकडे पाठही फिरवलेली नाही.

आता चौथा अर्थ. पात्र व्हायला कोण पात्र? साहित्याचा इतिहास हा एका अर्थाने या यादीचा इतिहास आहे. १८५७ साली बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'त विधवांचे दुःख मराठी कादंबरीच्या पहिल्याच पानांत आले. १८९०च्या दशकाच्या आरंभी हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' यमूच्या तोंडून सांगितली. कहाणी तिची होतीच, आता सांगणारीही ती झाली. अण्णा भाऊ साठ्यांनी १९५९ साली 'फकिरा' लिहून ज्याला सरकारदप्तर गुन्हेगार म्हणत होते त्याला नायक केले. १९६३ साली बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहाने यादीचे रकानेच बदलायला लावले. प्रत्येक वेळी आधी कुणीतरी म्हटले असेल की या माणसांत लिहिण्यासारखे काय आहे. प्रत्येक वेळी पात्राने त्याचे उत्तर दिले.

मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण इथे शिकण्यासारखे आहे. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. त्या संपाने मोडलेले घर जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये १९९७ साली रंगभूमीवर आले. मधली पंधरा वर्षे बातम्या होत्या, अहवाल होते, भाषणे होती. पण धुरी कुटुंबातली आई आणि तिची मुले बोलू लागली तेव्हा, गिरणीचा भोंगा ज्यांनी कधी ऐकला नव्हता त्यांनाही त्या चाळीतली शांतता ऐकू आली.

निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी या गावांच्या शिवारात २००९-१०च्या सुमारास मोटारींचे मोठे कारखाने उभे राहिले. तेव्हापासून इथे जमीन विकलेले घर आहे आणि त्याच घराने बांधलेल्या खोल्यांत कॉट बेसिसवर राहणारा मुलगा आहे. ठेकेदाराकडची हजेरी आहे, मुदत संपलेला गेटपास आहे, रात्रपाळी करून दिवसा जाड पडद्याआड झोपणारी माणसे आहेत. पहाटे डबे भरणाऱ्या मावशी आहेत, ज्यांना चार जिल्ह्यांच्या बोली कळतात. ही सगळी माणसे पात्र आहेत, पूर्ण पात्र. त्यांच्यासाठी खोदलेले काठ मात्र मराठी कथा-कादंबरीत अजून थोडे आहेत.

मध्यंतरी वऱ्हाडातल्या एका मुलाला मी 'धग' वाचायला दिली. आठवड्याने त्याने ती परत आणली. कौतिक आपल्या आजीसारखी बोलते, एवढेच तो म्हणाला आणि बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "सर, आमच्या लायनीवरच्या माणसांवर कुणी लिहिलंय का?" माझ्याकडे नीट उत्तर नव्हते. हे पुस्तक लिहायला घेतले ते त्या प्रश्नापायी.

म्हणून हे पुस्तक ज्याने समीक्षेचा एक शब्दही वाचलेला नाही त्याच्यासाठीही आहे. पहिल्या भागात पात्र लिहिणाऱ्याची बाजू आहे, दुसऱ्यात मजकुराची, तिसऱ्यात वाचणाऱ्याची. क्रमानेच वाचावे असे नाही. ज्याला जे पात्र आवडते त्याच्यापासून सुरुवात करावी. शास्त्रातल्या संज्ञा आल्या तिथे मी उदाहरण आधी दिले आहे आणि नाव मागून, कारण अनुभव आपल्याकडे आधीच असतो.

त्या मुलाला मी पुढे एक गोष्ट सांगितली, तीच इथे सांगून थांबतो. जेवायच्या सुट्टीत तुमच्यातला एक जण सुपरवायझरची नक्कल करतो. तो खांदा किंचित उडवतो, एकच शब्द दोनदा म्हणतो, आणि सगळे हसतात, कारण तिथे नसलेला माणूस समोर उभा राहिलेला असतो. तुम्ही ज्याला नक्कल म्हणता, तिथे पात्राचा पहिला श्वास असतो. मग कधी तरी असे होते की नक्कल चालू असताना त्या सुपरवायझरचीच क्षणभर दया येते, तो घरी गेल्यावर कसा बसत असेल असा विचार मनात येतो, आणि हसू थांबते. तिथून पुढे लिहायचे असते. तो मुलगा सध्या शिफ्टवरून आला की वहीत लिहितो. दोन पाने त्याने मला वाचून दाखवली. सुपरवायझर अजून घरी पोचलेला नाही. तळवड्याच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकला आहे, आणि पुलाखाली इंद्रायणी आहे.

निघोजे